बेटावरचा कायदा : एकोणिसाव्या शतकातील मुंबईचा रोजचा कारभार आणि न्याय

प्रस्तावना

१८४५ साली माहीमचा कॉजवे पुरा झाला आणि वांद्र्याच्या माणसाला होडीची वाट न पाहता पायी मुंबईत येता येऊ लागले. लेडी जमशेटजी यांच्या औदार्याने झालेल्या या रस्त्याची कथा मुंबईकरांना पाठ आहे. परंतु त्या रस्त्याने जाणारा वाटसरू खाडीबरोबर आणखी एक हद्द ओलांडीत असे, तिची नोंद सहसा कोणी घेत नाही. वांद्र्यास तो साष्टीचा, म्हणजे ठाणे जिल्ह्याचा रयत होता. तेथे एल्फिन्स्टनच्या अमदानीत १८२७ साली जारी झालेली रेग्युलेशने चालत. गुन्हा कशास म्हणावे आणि त्याला सजा किती द्यावी हे त्यांपैकी चौदाव्या रेग्युलेशनात लिहून ठेवलेले असे. आणि मामलेदार, कलेक्टर व जिल्ह्याचा जज्ज एवढ्यांतच त्याचे सरकार सामावलेले असे. माहीमच्या बाजूस पाऊल पडताच तो इंग्लंडच्या कायद्याच्या अमलाखाली येई. ज्यूरी, बॅरिस्टर, सॉलिसिटर, राजाच्या नावाने निघणारी रिटे आणि राजाच्याच सनदेने स्थापन झालेले सुप्रीम कोर्ट हे सारे त्याच्या वाट्यास येई. तीच चोरी, तीच मारामारी, तेच कर्ज. पण खाडीच्या या तीरावर त्याचा विचार निराळ्या न्यायासनापुढे, निराळ्या भाषेत आणि, हे विसरू नये, निराळ्या खर्चाने होई.

ही हद्द नेमकी कोठे आहे, हा प्रश्न एकदा इतका पेटला की मुंबईचे सुप्रीम कोर्ट बंद पडण्याची पाळी आली. १८२८ साली पुण्यातील मोरो रघुनाथ नावाच्या अल्पवयीन मुलाला त्याचे पालक पांडुरंग रामचंद्र ढमढेरे यांनी कोर्टापुढे हजर करावे, असे हेबियस कॉर्पसचे रिट सुप्रीम कोर्टातून निघाले. पालक पेशव्यांच्या नात्यातला. पेशवाई जाऊन पुरी अकरा वर्षेही झालेली नव्हती. आणि दक्षिणेतील सरदारांचा मानमरातब सांभाळण्यावर आपल्या राज्याचे स्थैर्य अवलंबून आहे अशी गव्हर्नर सर जॉन माल्कम याची धारणा होती. त्याने व त्याच्या कौन्सिलाने न्यायाधीशांना लेखी कळविले, की बेटाबाहेरच्या एतद्देशीयांवर काढलेली असली रिटे सरकार बजावू देणार नाही. तीन न्यायाधीशांपैकी मुख्य न्यायाधीश वेस्ट त्या वर्षीच्या ऑगस्टात आणि चेंबर्स ऑक्टोबरात निवर्तले. उरला एकटा सर जॉन पीटर ग्रँट. कोर्टाच्या हुकमाची अवज्ञा होत असताना न्यायासनावर बसून राहणे त्याला रुचेना. १ एप्रिल १८२९ रोजी त्याने कोर्टाचे सर्व काम थांबविले. अखेर प्रिव्ही कौन्सिलाने कौल दिला तो सरकारच्या बाजूने : बेटाबाहेरील अशा इसमांवर सुप्रीम कोर्टाची हुकमत नाही. बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो याने माल्कमला खाजगी पत्रात लिहिले होते, की आता दोन नवे न्यायाधीश येत आहेत, त्यांच्यामध्ये ग्रँटची अवस्था दोन पाळीव हत्तींच्या मध्ये बांधलेल्या रानहत्तीसारखी होईल. हे पत्र फुटले आणि छापलेही गेले. ज्या राज्यात न्यायाधीशाविषयी मंत्र्याने असे लिहावे, त्याच राज्यात ते पत्र वर्तमानपत्रातून जगजाहीर व्हावे, या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवल्याखेरीज एकोणिसाव्या शतकातील मुंबईचा न्याय समजणार नाही.

पुढील पानांचा विषय मात्र असल्या थोर भांडणांचा नाही. मुंबईचा इतिहास आपल्याकडे बहुधा इमारतींचा, गिरण्यांचा आणि दानशूर शेठजींचा इतिहास म्हणून लिहिला गेला. न्यायाचा विषय निघालाच तर १८६२ चा महाराज लायबल केस, रखमाबाईंचा खटला, १८९७ चा टिळकांचा खटला, अशा उंच शिखरांवरून लेखणी उड्या घेत गेली. शिखरे खरीच, परंतु त्या शहरात राहणाऱ्या, माल उतरवणाऱ्या, उधारीवर दाणे घेणाऱ्या आणि रात्री गटाराशेजारी पथारी टाकणाऱ्या माणसाला सरकार भेटे ते पोलीस कोर्टात, जकातीच्या नाक्यावर, स्मॉल कॉज कोर्टाच्या बेलिफाच्या रूपाने आणि क्वचित बंदरात सापडलेल्या प्रेताभोवती जमलेल्या कॉरोनरच्या ज्यूरीच्या रूपाने. त्या भेटीचे स्वरूप काय होते आणि तीतून कोणी काय मिळवले, एवढाच येथला प्रश्न आहे. मोठ्या न्यायालयांची वंशावळ एका दमात सांगून टाकतो : १६६८ साली बेट कंपनीकडे आले, १६७२ साली जेरल्ड आँजिएरने न्यायसभा भरवली, १७२८ पासून मेयरचे कोर्ट, १७९८ पासून रेकॉर्डरचे कोर्ट, १८२४ पासून सुप्रीम कोर्ट आणि १८६२ पासून हायकोर्ट.

पोलिसांची कथा इतक्या घाईने सांगता येणार नाही, कारण तिच्यात या शहराच्या कारभाराचे मूळ दुखणे आहे. अठराव्या शतकात बेटाची राखण भंडाऱ्यांच्या पलटणीकडे असे. १७७९ साली लेफ्टनंट ऑफ पोलीस असा नवा हुद्दा निर्माण झाला आणि त्यावर जेम्स टॉड याची नेमणूक झाली. अकरा वर्षांनी, १७९० साली, याच टॉडवर लाचखाऊपणाचा खटला होऊन त्याला पदच्युत व्हावे लागले. हुद्द्याचे नाव बदलून सुपरिंटेंडेंट झाले, पण हुद्देदारांची चाल बदलली नाही : १८१० साली चार्ल्स ब्रिस्को या सुपरिंटेंडेंटवर त्याच आरोपावरून खटला चालला. वीस वर्षांच्या अंतराने शहराचे दोन पोलीसप्रमुख आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले, आणि दोघेही गोरे. या दुसऱ्या खटल्याच्या वेळी रेकॉर्डरच्या आसनावर सर जेम्स मॅकिंटॉश होता. तो विद्वान, फ्रेंच राज्यक्रांतीच्या वादात नाव कमावलेला आणि मुंबईच्या हवेला व समाजाला कंटाळलेला गृहस्थ. परंतु या कंटाळलेल्या माणसाने एक गोष्ट अशी केली की जिचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पोलीस अधिकारी कित्येक वर्षे लोकांना फटके मारीत, बेड्या घालून गोदीत कामास लावीत, बेटाबाहेर हाकलून देत. आणि हे सर्व ज्या नियमांच्या आधारे चाले ते नियम रेकॉर्डरच्या कोर्टात रीतसर नोंदवलेलेच नसल्यामुळे सारा प्रकार बेकायदा आहे, हे त्याने सरकारला साधार दाखवून दिले. त्यातून १८१२ चे पहिले रेग्युलेशन निघाले. पोलीस मॅजिस्ट्रेट नेमले गेले, जस्टिस ऑफ द पीस आणि मॅजिस्ट्रेट मिळून बसणारे पेटी सेशन्सचे कोर्ट नियमबद्ध झाले, आणि निदान कागदावर तरी असे ठरले की फटके मारायला सुद्धा अधिकार लागतो. मॅकिंटॉशच्या सात वर्षांच्या कारकिर्दीत बेटावर एकही फाशी अमलात आली नाही, आणि तरीही गुन्हे वाढले नाहीत, असे त्याने निरोप घेताना ग्रँड ज्यूरीस अभिमानाने सांगितले. तो अभिमान रास्त होता.

या पोलीस कोर्टाचा रोजचा मामला कोणता असे? बंदर म्हटले की प्रथम खलाशी आले. जहाजावरचा करार मोडून पळालेला गोरा खलाशी, दारू पिऊन बाजारात धिंगाणा घालणारा गोरा खलाशी, आणि पगार बुडाला म्हणून तक्रार घेऊन आलेला कोकणी किंवा काठेवाडी खलाशी, हे तिघे कोर्टाचे नित्याचे गिऱ्हाईक. गोऱ्या भणंगांचा उपद्रव तर इतका वाढला, की १८६९ साली युरोपियन व्हेग्रन्सी कायदा करावा लागला; राज्यकर्त्या जातीचा माणूस भीक मागताना दिसला तर अब्रू सरकारची जाते, ही त्यामागील चिंता कायद्यात लिहिलेली नसली तरी वाचता येते. अशा खलाशांसाठी अपोलो बंदरानजीक बांधलेली सेलर्स होमची देखणी इमारत १८७६ साली तयार झाली. पुढे तीत कायदेकौन्सिल भरले आणि आज तेथे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. इमारतींचेही प्रारब्ध असते.

खलाशांच्या पाठोपाठ येत ते बंदरावरचे चोर. कापसाच्या गठड्या आणि धान्याच्या गोण्या जहाज व वखार यांच्या दरम्यान हलक्या होत, आणि त्या हलक्या करणाऱ्या टोळ्यांना माल पचवणारे प्रतिष्ठित व्यापारी पाठीशी लाभत. त्यानंतर गटारात घाण टाकणारे, रात्री दिव्यावाचून गाडी हाकणारे आणि रस्त्यावर दुकान पसरणारे. शहर वाढले तसतशी या शेवटच्या वर्गाची भरती झाली, कारण नगराचे आरोग्य हा विषय सरकारने हाती घेतला तो मुख्यतः दंडाच्या रूपाने. शिवाय तांड्यांतून आणि गलबतांतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेली गुलाम मुले. १८४३ च्या कायद्याने गुलामीला कायद्याचा आधार राहिला नव्हता. आरमाराने गलबते पकडली की सोडवलेल्या माणसांचे करायचे काय, हा प्रश्न मुंबईच्या अधिकाऱ्यांच्या गळ्यात पडे. त्यांतील कित्येक मुले १८५४ पासून नाशिकजवळच्या शरणपूर येथे मिशनऱ्यांच्या वसाहतीत वाढली, आणि त्यांतलीच काही पुढे डॉ. लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेच्या अंतर्भागात गेली. मुंबई बंदरातला एक हुकूम, गोदाकाठची एक शाळा आणि मध्य आफ्रिकेतील एक प्रवास असा हा धागा आहे.

जुगाराचा एक प्रकार तर खास मुंबईचा. पावसाळ्यात अमुक वेळात इतका पाऊस पडेल की नाही, छपराच्या पन्हळीतून पाणी वाहील की नाही, यावर पैजा लागत. आभाळाकडे पाहून भाव वरखाली होत आणि त्यात शेठ व हमाल दोघेही पैसे लावीत. पोलिसांनी माणसे धरली, मॅजिस्ट्रेटपुढे उभी केली. परंतु १८८९ साली हायकोर्टाने निर्णय दिला, की जुगाराच्या कायद्याची जी शब्दरचना आहे तीत पावसाची पैज बसत नाही. सरकारने पुढच्याच वर्षी कायदा दुरुस्त करून पाऊस त्यात घातला. हे उदाहरण मला मोठमोठ्या घटनात्मक वादांहून अधिक बोलके वाटते. पोलिसांना जे सरळसरळ पाप दिसत होते, ते कायद्याच्या शब्दांत बसते की नाही हे विचारण्याची सोय सट्टेबाजाला होती, आणि त्याने ती वापरली. सरकारला उत्तर देण्यासाठी दंडुक्याऐवजी विधेयक उचलावे लागले. अर्थात सॉलिसिटरला द्यायला पैसा असलेल्या सट्टेबाजालाच ती सोय होती, हेही लगेच जोडून सांगितले पाहिजे.

नियम करताना लोकांना विचारले नाही तर काय होते, याचा धडा सरकारला १८३२ च्या जूनमध्ये मिळाला होता. मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम शहरात बरीच वर्षे होता. ठरावीक महिन्यांत शिपाई कुत्री मारीत आणि मारलेल्या कुत्र्यामागे त्यांना बक्षीस मिळे. जेथे कामाला नगावर मोल आहे तेथे कामगाराचा उत्साह मर्यादेत राहत नाही. शिपाई घरांच्या ओट्यांपर्यंत पोहोचले. कुत्र्याला धर्मतः पवित्र मानणारा पारशी समाज खवळला, शिपायांना मार बसला, दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली आणि किल्ल्यातील लष्कराच्या रसदेला खीळ पडली. दंगेखोरांवर खटले झाले, शिक्षाही झाल्या. पण शहराच्या कारभाराला समाजाच्या पुढाऱ्यांचे साहाय्य घेतल्यावाचून गत्यंतर नाही, हे सरकारला कळून चुकले. योगायोग असा की त्याच वर्षी पार्लमेंटाने केलेल्या कायद्याने जस्टिस ऑफ द पीस होण्याची आणि ग्रँड ज्यूरीवर बसण्याची वाट ख्रिस्तेतरांना मोकळी केली. आधीच्या, १८२६ च्या कायद्याने साध्या ज्यूरीत जागा दिली होती, परंतु आरोपी ख्रिस्ती असेल तर त्याचा न्याय ख्रिस्ती ज्यूरीनेच करावा, अशी अट ठेवून. ती अट गेली. जमशेटजी जीजीभाई, जगन्नाथ शंकरशेट आदी गृहस्थ लवकरच जस्टिस झाले. हा मान पोकळ नव्हता : पुढे चार दशके शहराच्या पट्टीचा व खर्चाचा हिशेब या जस्टिसांच्या मंडळाशी कोणत्या ना कोणत्या रीतीने निगडित राहिला, आणि १८७२ साली करदात्यांना प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला तेव्हा चौसष्ट जागांपैकी सोळा या जस्टिसांनीच भरावयाच्या होत्या.

कोर्टाच्या आत शिरल्यावर साक्षीदारापुढे पहिली अडचण येई ती शपथेची. जुन्या शिरस्त्याप्रमाणे हिंदूने गंगाजलावर आणि मुसलमानाने कुराणावर हात ठेवून शपथ घ्यावयाची. इंग्रज न्यायाधीशाला वाटे, की आपण लोकांच्या धर्माचा केवढा आदर करतो आहो. प्रत्यक्षात पापभीरू माणूस त्या गंगाजलाच्या तांब्याला हात लावण्यास धजत नसे. खरे सांगावयाचे असले तरी शपथेत नकळत एक शब्द वावगा गेला तर पूर्वज नरकात जातील, या भीतीने प्रतिष्ठित कुटुंबातील मनुष्य साक्षीस येण्याचेच टाळी, दावा बुडाला तरी पत्करी. आणि ज्याला भीती नाही असा भाडोत्री साक्षीदार कोर्टाच्या ओट्यावर तयारच असे. म्हणजे धर्माचा मान राखण्यासाठी ठेवलेल्या साधनाने सचोटीचा माणूस बाहेर राही आणि लबाड आत येई. १८४० च्या पाचव्या कायद्याने ही शपथ रद्द करून तिच्या जागी गंभीर प्रतिज्ञा आणली, ती याच कारणासाठी. खोट्या साक्षी त्याने थांबल्या नाहीत. पण खऱ्या साक्षीदाराच्या वाटेतला एक धोंडा निघाला.

दुसरी अडचण भाषेची. कोर्टाचे काम इंग्रजीत. आरोपी मराठी, गुजराती, कच्छी, हिंदुस्थानी, अरबी यांपैकी काहीही बोलणारा. दोहोंमध्ये दुभाषा उभा. त्याच्या तोंडून जाणारा एखादा शब्द सैल झाला तर माणूस तुरुंगात जाई, आणि या सैलपणाला न्यायाधीशापाशी उतारा नसे. पाठारे प्रभू, शेणवी, पारशी अशा ज्या घराण्यांनी इंग्रजी आधी शिकून घेतली त्यांच्याकडे कारकुनी, दुभाषेपण आणि शिरस्तेदारी आली. सत्तेचे पुष्कळसे दैनंदिन वजन या मधल्या माणसांच्या हाती होते आणि त्यांतील काहींनी ते विकलेही. त्या वजनाचा पुरता हिशेब कोणी मांडलेला नाही, कारण लाचेची पावती होत नाही.

चार्ल्स फोर्जेट याची कारकीर्द या दृष्टीने पाहावी. १८५५ साली तो मुंबई पोलिसांत उच्च पदावर आला. हिंदुस्थानात जन्मलेला, येथील भाषा घरच्यासारख्या बोलणारा, वेषांतर करून बाजारातून व वस्त्यांतून फिरणारा. त्याला दुभाषा लागत नव्हता, यातच त्याच्या यशाचे निम्मे रहस्य आहे. १८५७ साली सोनापूरच्या एका घरात शिपायांची खलबते चालत ती त्याने भिंतीआडून ऐकली. दोघा शिपायांना ऑक्टोबरात एस्प्लनेडवर तोफेच्या तोंडी देण्यात आले. शहरातील व्यापाऱ्यांनी त्याला पुढे मोठी थैली अर्पण केली, आणि ताडदेवच्या एका रस्त्याला त्याचे नाव आहे. ते बंड वेळीच मोडले नसते तर काय झाले असते, ही चर्चा इतिहासकार करोत; मला एवढेच नमूद करावयाचे आहे की त्या दोघांचा न्याय लष्करी कोर्टाने केला, आणि ज्या मैदानावर ते मेले त्याच्या हाकेच्या अंतरावर हेबियस कॉर्पसची रिटे काढणारे सुप्रीम कोर्ट रोजच्याप्रमाणे भरत होते. बेटावरच्या कायद्यालाही आतून एक हद्द होती.

सामान्य गृहस्थाचा आणि न्यायाचा संबंध मात्र फौजदारीपेक्षा कर्जाच्या निमित्ताने अधिक येई. सुप्रीम कोर्टात दावा करायचा म्हणजे सॉलिसिटर करावा, त्याने बॅरिस्टर करावा, आणि दोघांची बिले चुकती करता करता वादाची मिळकतच संपावी, असा अनुभव. वाटणीसाठी तेथे गेलेली घराणी वाटणीनंतर भाड्याच्या खोलीत राहिली, असे म्हणण्याची रीतच पडून गेली होती. १८५० च्या नवव्या कायद्याने स्मॉल कॉज कोर्ट निर्माण झाले आणि पाचशे रुपयांपर्यंतचे दावे थोड्या खर्चात, थोड्या दिवसांत निकालात निघू लागले. ही मर्यादा १८६४ साली एक हजारावर आणि १८८२ साली दोन हजारांवर गेली. वाणी, मारवाडी सावकार, घरमालक, शिंपी, दाई, स्वयंपाकी ही मंडळी या कोर्टाचे खरे पक्षकार. गरिबाला ते वरदान ठरले की जाच, याचे एकेरी उत्तर देता येत नाही : स्वयंपाक्याला साहेबाकडून थकलेला पगार येथेच मिळे, आणि त्याच स्वयंपाक्याच्या भांड्यांवर सावकाराची जप्ती येथूनच येई. १८६५ च्या जुलैत शेअरबाजार कोसळला तेव्हा दिवाळखोरांची संख्या अशी काही झाली, की खास कायदा करून त्यांचा निकाल लावावा लागला. परंतु ती कथा शेठजींची. भांडी गेली त्यांच्यासाठी खास कायदा झाला नाही.

कर्जाच्या कायद्याची खरी धार पाहायची तर कॅप्टन स्टॅफर्ड हेन्स याची हकीकत वाचावी. १९ जानेवारी १८३९ रोजी एडन काबीज झाले, आणि त्याचा पहिला पोलिटिकल एजंट म्हणून या आरमारी अधिकाऱ्याने मुंबई सरकारच्या वतीने पंधरा वर्षे कारभार पाहिला. पाचसहाशे वस्तीचे मोडकळीस आलेले गाव त्याच्या हाताखाली हजारोंच्या वस्तीचे बंदर झाले. हिशेब ठेवणारा कारकून त्याला पुरेसा दिलेला नव्हता. दिला असता तरी हिशेबाची त्याला आवड होती असे दिसत नाही. १८५४ साली खजिन्यात सुमारे अठ्ठावीस हजार पौंडांची तूट निघाली. मुंबईत आणून त्याच्यावर खटले भरले. ज्यूरीने त्याला अफरातफरीच्या आरोपांतून दोनदा मुक्त केले. एवढ्यावर मामला मिटावयास हवा होता. परंतु सरकारने तीच रक्कम दिवाणी कर्ज म्हणून त्याच्याकडे मागितली, आणि ती देता येईना म्हणून त्याला ऋणकोंच्या तुरुंगात टाकले. सहा वर्षे तो तेथे होता. नवा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याने १८६० साली सुटका केली. थोड्याच दिवसांत, १६ जून रोजी, विलायतेस निघालेल्या जहाजावर, मुंबई बंदर सोडण्याआधीच तो वारला. ज्यूरी सरकारला न जुमानता निर्दोष ठरवते, हा बेटावरच्या न्यायाचा गौरव. आणि सरकार दुसऱ्या दाराने जाऊन त्याच माणसाला कोंडते, ही त्या न्यायाची मर्यादा. साम्राज्य उभारणाऱ्या गोऱ्या कप्तानाची ही गत, तर बंदरावरच्या नाखव्याची काय झाली असेल, याचा तर्क वाचकाने करावा.

बंदर म्हटले की शिक्षाही समुद्रमार्गे जाते. अंदमानची वसाहत १८५८ साली उभी राहण्यापूर्वी मुंबईचे काळ्या पाण्याचे कैदी पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर येथे जात व तेथील रस्ते बांधीत. उलट त्या बाजूचे चिनी कैदी महाबळेश्वरी येत आणि गोऱ्या साहेबांच्या टेबलासाठी बटाटे व भाज्या पिकवीत. बेटावरच्या उमरखाडीच्या तुरुंगात, ज्याला मराठी माणूस डोंगरीचा तुरुंग म्हणतो, बाकीचे राहत. कोल्हापूर प्रकरणात पुण्याच्या ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांवर झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्याचा निकाल १८८२ साली मुंबईच्या हायकोर्टात लागला आणि टिळक-आगरकर याच तुरुंगात गेले. आगरकरांनी तेथील एकशे एक दिवसांवर लिहिलेले पुस्तक तुरुंगातील जेवणाचे, कोठडीचे आणि पहाऱ्याचे वर्णन म्हणून वाचावे, म्हणजे सुशिक्षित माणसाला ज्या गोष्टी असह्य झाल्या त्या भोगणाऱ्या इतर शेकडो कैद्यांची आठवण राहते. त्यांनी पुस्तके लिहिली नाहीत.

या सर्व कारभाराविषयी माझे मत काय, ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. इंग्रजाने मुंबईत कायद्याचे राज्य आणले ते रयतेच्या प्रेमाने आणलेले नव्हते. ज्या बंदरात परक्याचा पैसा गुंतवायचा तेथे करार पाळला जाईल आणि अधिकाऱ्याच्या लहरीवर माल जप्त होणार नाही, याची हमी त्याच्याच व्यापाऱ्यांना हवी होती. ही हमी गोऱ्या व्यापाऱ्याला देताना तिच्यातून पारशी, भाटिया, खोजा, प्रभू यांना वगळणे शक्य झाले नाही, आणि त्यांच्या मागोमाग हळूहळू स्वयंपाकी, खलाशी आणि सट्टेबाजही त्या दारातून आत आले. खाडीपलीकडच्या कुणब्यापर्यंत तीच हमी पोहोचण्यास फार काळ लागला. १८६२ च्या आरंभापासून दंडसंहिता दोन्हीकडे एक झाली. पण न्यायाधीशासमोर ताठ उभे राहून प्रश्न विचारण्याची सवय कायद्याच्या पुस्तकातून पसरत नाही. मुंबईकराला ती दोन पिढ्या आधी लागली होती, आणि त्या शतकाच्या अखेरीस देशाच्या राजकारणात मुंबईच्या वकिलांनी जे स्थान मिळवले त्याची मुळे काँग्रेसच्या मंडपापेक्षा या धुळकट पोलीस कोर्टांत शोधावीत, असे मला वाटते.

ही मुळे शोधणे सोपे नाही. हायकोर्टाचे निवाडे छापलेल्या ग्रंथांत व्यवस्थित मिळतात. खालच्या कोर्टांतील रोजच्या कामाचा मागमूस त्या मानाने फार थोडा उरला आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचे १८६३ चे ‘मुंबईचे वर्णन’, आचार्य व शिंगणे यांचा १८८९ चा ‘मुंबईचा वृत्तांत’ आणि त्या काळची मराठी-गुजराती वर्तमानपत्रे यांनी पुष्कळ वाचवून ठेवले आहे. उरलेले दोन ठिकाणी आहे. एक, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील सरकारी पुराभिलेखागार, ज्याचे दफ्तर १८२१ पासून सांभाळलेले आहे. दुसरे, आपल्या घरांतील माळ्यांवरच्या ट्रंका. जुने समन्स, जामीनकतबे, जप्तीच्या याद्या, दुभाष्यांची मोडीतील टिपणे, जस्टिस झालेल्या आजोबा-पणजोबांचा पत्रव्यवहार अशी कागदपत्रे गिरगाव, ठाकूरद्वार, माहीम, माझगाव येथील घरे पाडताना रद्दीच्या भावाने जात आहेत. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी ते मोडी वाचणाऱ्याला एकदा दाखवावेत, आणि घरी ठेवण्याची सोय नसेल तर पुराभिलेखागाराच्या हवाली करून पावती घ्यावी.